झाकण उघडून पाहणारा माणूस

आमच्या घरात दही लागत नाही. दूध चांगलं असतं, विरजण चांगलं असतं, आणि तरी सकाळी पातेल्यात जे निघतं त्याला दूध म्हणावं की ताक, यावर घरात एकमत होत नाही. लग्न होऊन अमरावतीहून जबलपूरला आले तेव्हा मला वाटलं, इथल्या पाण्याचाच काही गुण असेल. महिनाभरात कळलं की गुण पाण्याचा नव्हता, सासऱ्यांचा होता.

सासरे म्हणजे रामकृष्ण पांढरीपांडे. सगळ्यांचे अण्णा. आमच्या रांझी भागात कुणालाही विचारा, "वो इन्स्पेक्टर साहब?" असं म्हणून घर दाखवतील, पण दाखवणारा स्वतः आत यायचं टाळेल. अण्णा पोलिसातले इन्स्पेक्टर नव्हेत. इथल्या संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात, ज्याला आमच्याकडे नुसतं फॅक्टरी म्हणतात, ते माल तपासायचे. तयार झालेला माल काय, कोणीही तपासतो. अण्णा अर्धवट माल तपासायचे. काम मधेच थांबवायचं, उघडायचं, मोजायचं, लाल खडूने खूण करायची आणि पुढे सोडायचं. याला स्टेज इन्स्पेक्शन म्हणतात. हा शब्द आमच्या घरात रामरक्षेपेक्षा जास्त वेळा ऐकू येतो.

रिटायर झाले तेव्हा फॅक्टरीने त्यांना शाल दिली, घड्याळ दिलं आणि निरोप दिला. शाल आणि घड्याळ त्यांनी घेतलं. निरोप काही घेतला नाही. उलट लाल खडूंचा एक खोका घरी घेऊन आले, कारण तिथे आता खडूची कदर करणारं कोणी उरलं नव्हतं म्हणे.

आधी हे सकाळ-संध्याकाळपुरतं चालायचं, तेव्हापासून तर आमच्या घरात कुठलीही गोष्ट सुखाने पूर्ण होत नाही. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की अण्णा चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडतात आणि भात पाहतात. भाताला अर्थातच कणी असते. "पाहिलं? मी पाहिलं म्हणून कळलं," असं म्हणून ते समाधानाने बाहेर जातात. इडलीपात्र ते उघडतात. बर्फ झाला का पाहायला फ्रीज उघडतात. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याची रजई रात्री उचलून "झोप लागली का?" असं विचारणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्याकडे मुक्काम करणारे पाहुणेही आता फारसे पाहायला मिळत नाहीत.

आणि भांडी. भांडी हा अण्णांचा खास विभाग. घासलेली वाटी खिडकीकडे धरायची, एक डोळा मिटायचा, कडेवरून बोट फिरवायचं. दहापैकी तीन परत. भांड्यांना बाई लावायचा प्रयत्न आमच्याकडे झालाच नाही असं नाही, पण एकही टिकली नाही. शेवटची जी होती, ती तर जाताना म्हणाली, "माँजी, काम से डर नहीं लगता, बाबूजी की एक आँख से लगता है." मी सून म्हणून आले, हौसेने भांडी घासायला बसले, आणि पहिल्याच आठवड्यात माझा सगळा माल रिजेक्ट झाला. गणिताची शिक्षिका आहे मी. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले ते एका पातेल्याच्या बुडामुळे.

पास होणारा माल या घरात एकाच माणसाचा. सासूबाईंचा. सुहासिनी पांढरीपांडे, मी त्यांना आई म्हणते. लग्न झाल्यापासून या घराची भांडी त्याच घासत आल्या. अण्णा अभिमानाने सांगतात, "हिची वाटी मी आजवर परत केली नाही." हे त्यांच्याकडचं सर्वोच्च पदक. ते मिळवता मिळवता आईंच्या हातांचं काय झालं, ते या पदकाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं, आणि ती बाजू तपासायची पद्धत नव्हती.

बोटांच्या टोकांना भेगा पडल्या होत्या. आधी थंडीत पडायच्या, मग बारमाही झाल्या. भेगांत हळद बसायची, ती निघायची नाही. पोळ्या लाटताना पिठाला कधी कधी लाल डाग लागायचा. आई तेवढा गोळा काढून बाजूला ठेवायच्या आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढचा लाटायच्या. मी जबरदस्तीने त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले आणि मलमाच्या आधी एकच गोष्ट सांगितली, पाणी आणि साबण बंद. "मशीन लगवा लीजिए, नहीं तो ये उँगलियाँ ऐसी ही रहेंगी." घरी येताना रिक्षात आई हसत होत्या. म्हणाल्या, "हात घरी काढून ठेवता आले असते तर बरं झालं असतं."

म्हणून आल्हादने आणि मी डिशवॉशर घेतला. आल्हाद म्हणजे माझा नवरा, रेल्वेत आहे, इटारसीला असतो, रविवारी घरी येतो. बड्या फुहाऱ्याजवळच्या गुप्ताजींच्या दुकानातून मशीन आलं. टेम्पोतून उतरवताना गल्ली जमली. आईंनी त्यावर हळदीकुंकू वाहिलं, स्वस्तिक काढलं. अण्णांनी आधी चारी कोपऱ्यांना स्पिरिट लेव्हल लावून पाहिली.

मशीन चाललं. म्हणजे पाणी घेतलं, गुरगुरलं, फवारे मारले, पाणी सोडलं. पण भांडी निघाली ती गार आणि ओली. वाट्यांत पाणी साचलेलं, ताटांना तेलाचा हात लागलेला, तर्रीच्या पातेल्याला लाल कड तशीच. जी वस्तू तापून धुणार आणि तापून वाळवणार म्हणून घेतली होती, ती ना तापत होती, ना वाळवत होती.

अण्णांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जी टवटवी आली, ती मी त्यांच्या साठीशांतीलाही पाहिली नव्हती. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा त्यांना खरा बिघाड मिळाला होता.

"कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "मी पाहतो."

आणि त्यांनी पाहिलं. अगदी मन लावून पाहिलं. नळाचं प्रेशर पाहिलं. टेस्टर लावून व्होल्टेज पाहिलं. खालची जाळी काढून घासली, परत बसवली. मीठ घालायची जागा उघडली, चकाकीचं औषध घालायची जागा उघडली, त्यात बोट बुडवून वास घेतला आणि "केमिकल आहे" असा शोध लावला. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकाला मात्र हात लावला नाही. "पुस्तकं कोण लिहितात माहीत आहे? ज्यांना हातानं काही करता येत नाही ते," असं ते म्हणाले. शेवटी कमानिया गेटच्या बाजारात जाऊन त्यांनी एक लांब काचेचा थर्मामीटर आणला, आणि तपासाला खरी शिस्त आली.

शिस्त अशी. मशीन लावायचं. अण्णा समोर स्टुलावर, बनियनवर, खांद्यावर पंचा. थोडा वेळ झाला की कडी ओढून दार उघडायचं. आतलं पाणी फस्सकन बनियनवर यायचं. वाकून तळाच्या पाण्यात थर्मामीटर बुडवायचा. "अडतीस!" असं ओरडायचं. खडूने ओट्याखालच्या फरशीवर लिहायचं. दार लावायचं. पुन्हा थोडा वेळ. पुन्हा फस्स. "छत्तीस! उतरलं! पाहा, चढायच्या ऐवजी उतरून राहिलं!" आणि मशीन थांबून आवाज बंद झाला रे झाला, की पूर्ण दार सताड उघडून सगळ्या वाट्या एका डोळ्याने पाहायच्या. ओल्या. दर वेळी ओल्या.

आम्ही सगळे हे रोज पाहत होतो. मी पाहत होते, आई पाहत होत्या, व्हिडिओ कॉलवर आल्हाद पाहत होता. अण्णा कारण शोधताहेत, असंच सगळ्यांना वाटत होतं. ते कारणाच्या किती जवळ बसले होते, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

कंपनीचा माणूस आला. पटेल भैया, चांगला पोक्त, खिशात दोन फोन. त्याने मागचं पॅनेल काढून मीटर लावला. "दादाजी, एलिमेंट तो सही है."

"सही है तो पानी गरम क्यों नहीं होता?"

"वो मैं देखता हूँ, पहले एक बार पूरा चलने..."

"पूरा चलने से क्या होगा? हर स्टेज पे देखना पडता है," असं म्हणून अण्णांनी दार उघडलं. पटेल भैयाच्या शर्टावर पाणी आलं. त्याने त्या दिवशी सेन्सर बदलला. पुढच्या खेपेला दाराचं रबर बदललं. दोन्ही वेळा तो काहीतरी सांगायला तोंड उघडायचा आणि अण्णा त्याला फॅक्टरीतला एक किस्सा सांगायचे. तिसऱ्यांदा त्याने फोनच उचलला नाही. त्याच्या खिशातले दोन्ही.

मग अण्णा गुप्ताजींकडे गेले आणि ठरवून आले. संक्रांतीनंतरच्या रविवारी एक शेवटची तपासणी. नापास झालं तर सोमवारी दुकानाचा टेम्पो येऊन मशीन घेऊन जाईल. "बदलूनही नको," अण्णांनी जाहीर केलं. "जातच खराब आहे. हातानं घासलेल्या भांड्याची सर कशालाच येत नाही." हे बोलताना त्यांनी आईंकडे कौतुकाने पाहिलं. आई त्या वेळी ओट्यापाशी उभ्या राहून मशीनमधून निघालेली भांडी दुसऱ्यांदा घासत होत्या. बोटांना बांधलेल्या चिंध्या ओल्या झाल्या होत्या.

मला त्या दिवशी इतका राग आला की मी आठवीच्या वर्गाची उगाच परीक्षा घेतली.

संक्रांत आली. संक्रांतीला आमच्याकडची पेन्शनर मंडळी पहाटे ग्वारीघाटावर नर्मदास्नानाला जातात. अण्णाही गेले. एरवी डुबकी मारून, फुलं सोडून उन्हं वर यायच्या आत घरी येतात. त्या दिवशी मंडळींनी पलीकडच्या काठावर जायचं ठरवलं. आणि अण्णांनी नावेत बसायच्या आधी नाव तपासायला घेतली. एकेक फळी, एकेक सांधा. नाववाल्याने शेवटी हात जोडले, पण नाव पास होईपर्यंत कोणी बसलं नाही.

घरी गूळ आणि तीळ. पाकाची कढई, गुळाच्या पोळ्यांचा तवा, चिकट झालेल्या पळ्या, परातीला वाळलेला चुरा. आईंनी गरम पाणी घालून जरा खरवडलं, सगळं मशीनमध्ये रचलं, बटण दाबलं आणि मागच्या अंगणात उन्हात येऊन बसल्या. मला शाळेला सुट्टी होती. आम्ही दोघी लाडू वळत बसलो. त्या चमच्याने सारण घेऊन माझ्या हातावर ठेवायच्या, वळायचे मी. चिरलेल्या बोटांना गरम पाक सहन होत नव्हता.

मशीनची कोणाला आठवणच राहिली नाही. आतून कधीतरी गुरगुर ऐकू येत होती, मग ती थांबली. बराच वेळ काही आवाज नव्हता. मग मशीनने टुणटुण केलं. हा आवाज मी त्याआधी ऐकलाच नव्हता. काम पूर्ण झालं की ते असं वाजतं, आणि आमच्याकडे ते पूर्ण होईपर्यंत कोणी त्याला राहूच दिलं नव्हतं.

आई आत गेल्या. मग हाक आली. "रश्मी, ये बरं इकडं. पाह्य."

दार उघडं होतं. आतून गरम हवा येत होती. ताटं कोरडी, वाट्या कोरड्या, कढईला पाकाचा मागमूस नाही. आईंनी एक वाटी उचलली आणि गालाला लावली. बाहेर जानेवारीची थंडी. त्या कितीतरी वेळ तशाच डोळे मिटून उभ्या होत्या. मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी वाटी ठेवली, ओट्याच्या कोपऱ्यातलं पातेलं ओढलं आणि वरची ताटली काढली. रात्री विरजलेलं दूध होतं. अण्णा पहाटे अंधारात गेल्यामुळे त्यांची ताटली उचलून पाहायची पाळी चुकली होती. दही घट्ट लागलं होतं. चमचा उभा राहील असं.

"हे मशीन म्हणजे दहीच आहे की बाप्पा!" आई म्हणाल्या. "हलवलं की गेलं. झाकण काढलं की गेलं. निजू द्यावं लागते त्याला."

मी तोंड उघडं टाकून उभी. "पण आई, आपण रविवारी कढीला घेतो ते दही? ते तर डेअरीचं ना?"

आईंनी दाराकडे एकदा पाहून घेतलं. "डेअरीचं कायचं? मीच लावते. पिठाच्या डब्यात, खाली दडवून. तीस वर्षं झाली असतील. कुकरही हे आंघोळीला गेले की लावते." मग त्यांनी मशीनकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "पण हे पिठाच्या डब्यात मावत नाही ना, रश्मी."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. या बाईने सगळा संसार एका माणसाच्या नजरेआड शिजवला होता, आणि मला ते आज कळत होतं.

मी म्हटलं, मी सांगते त्यांना. मी शिक्षिका, सांगणं हा माझा धंदा. अण्णा घाटावरून आले, मी त्यांना कोरडी ताटं दाखवली, गरम वाटी हातात दिली आणि सरळ सांगितलं. अण्णा, दार उघडलं की वाफ जाते. मशीन पुन्हा पाणी तापवायला घेतं, तुम्ही पुन्हा उघडता. आवाज बंद झाला की ते वाळवत असतं, संपलेलं नसतं. तुम्ही उघडता म्हणून ते तापत नाही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. वाटी एका डोळ्याने पाहिली. मग म्हणाले, "तपासणी कोणी केली?"

"कोणीच नाही. म्हणून तर..."

"मग हा पास मी धरत नाही. इन्स्पेक्टर हजर नसताना झालेला पास पास नसतो. अन् काय म्हणून राहिली तू? मी पाहतो म्हणून बिघडते? अगं, मी उघडून पाहिलं म्हणून फॅक्टरीतून खराब माल गेला नाही. सीमेवरचे जवान माझ्या भरवशावर झोपत होते." सीमेवरचे जवान मधे आले की आमच्या घरात वाद संपतो. त्यांच्यापुढे माझ्या कोरड्या वाटीची काय किंमत? "रविवारी पाहू," असं म्हणून ते कपडे बदलायला गेले. जाता जाता दह्याच्या पातेल्यावरची ताटली त्यांनी उचलून पाहिली.

रविवार उजाडला. आल्हाद आला. आल्हाद रेल्वेत शंभर माणसांवर ओरडतो, आणि वडिलांसमोर "अच्छा, अच्छा" एवढंच म्हणतो. अण्णांनी आंघोळ केली, स्वच्छ बनियन घातलं, स्टूल ठेवलं. मी अटच घातली, मशीन टुणटुण करेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. अण्णा म्हणाले, "चलो. मंजूर." आईंनी सकाळची सगळी भांडी रचली, बटण दाबलं आणि हात पदरात घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. त्यांचं सगळं लक्ष त्या मशीनकडे लागलं होतं. सोमवारी टेम्पो आला तर त्या हातांना पुन्हा साबण होता, आणि तो कायमचा होता.

सुरुवातीला अण्णा नुसते बसले. मग गुडघा हलायला लागला. मग मशीनला कान लावला. मग तळहात लावून बाहेरून ऊब पाहिली. "जरासं," ते म्हणाले, आणि मी काही म्हणायच्या आत कडी ओढली गेली. फस्स. थर्मामीटर. "बेचाळीस."

"अण्णा!"

"अगं, फक्त एकदा. एकदानं काय होते?"

एकदाने काही होत नाही, म्हणून त्यांनी चारदा पाहिलं. शेवटी आवाज बंद झाला. मशीन गप्प बसलं होतं, वाळवत होतं बिचारं. अण्णा उठले, दार सताड उघडलं, एक वाटी काढली आणि उलटी केली. वाटीतून पाणी फरशीवर सांडलं.

"झालं," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण मी खोटं कशाला सांगू, आनंद जास्त होता. त्यांनी खिशातून खडू काढला आणि मशीनच्या पांढऱ्या दारावर, आईंनी काढलेल्या स्वस्तिकाच्या बाजूला, मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं. रिजेक्ट.

आल्हाद म्हणाला, "अच्छा."

मी काहीतरी भयंकर बोलणार होते. माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात आई पुढे आल्या. त्यांनी बोटांवरच्या चिंध्या सोडल्या, एकेक करून, सावकाश. काही चिकटल्या होत्या, त्या ओढताना त्यांनी ओठ आवळले. मग दोन्ही हात, तळवे वर करून, अण्णांच्या समोर धरले.

"हेही पाहून घ्या जी," त्या म्हणाल्या.

अण्णांना काही कळलं नाही. "काय?"

"तुम्ही पाहता ना सारं. कुकर पाहिला, दही पाहिलं, लोकायची नाव पाहिली. चाळीस वर्षं झाली, साऱ्या जगाची झाकणं उघडून पाहून राहिले तुम्ही. हे हात एकदा तरी पाहिले का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. आईंचा आवाज चढत नाही. "मशीन परत द्या, माझं काही म्हणणं नाही. त्यानं चार दिवस काम केलं तर तुम्ही त्याच्यावर लिहून दिलं. मी इतकी वर्षं केलं. माझ्यावरही लिहा काहीतरी. तो खडू घ्या आणि लिहा. पास का रिजेक्ट?"

अण्णा खडू धरून उभे होते. मग त्यांनी सवयीने एक डोळा मिटला, आणि लगेच उघडला. दोन्ही डोळ्यांनी पाहायला लागले. चष्मा पुसला, पुन्हा लावला. आईंचा उजवा हात त्यांनी खालून धरला, खिडकीकडे नेला. अंगठ्याची भेग, तर्जनीची, मधल्या बोटाची तर दोन पेरांपर्यंत गेलेली, आत हळद. बराच वेळ ते पाहत होते.

"हे कधीपासून?"

"तुम्ही माझी वाटी परत करत नव्हते ना," आई म्हणाल्या, "तेव्हापासून."

मी त्यांना तोपर्यंत रडताना पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही पाहिलं नाही, कारण ते खाली बसले आणि खांद्यावरच्या पंच्याने मशीनच्या दारावरची लाल अक्षरं पुसायला लागले. स्वस्तिकाला धक्का न लावता. पुसून झाल्यावर म्हणाले, "आल्हाद, गुप्ताला फोन कर. टेम्पो पाठवू नको म्हणावं." मग माझ्याकडे न पाहता, "रश्मी, लाव पुन्हा."

मी भांडी पुन्हा रचली, बटण दाबलं. अण्णा स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले, लहान पोरांना शाळेत आम्ही बसवतो तसे. मशीन गुरगुरलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. गुडघा हलत होता. आवाज पूर्ण बंद झाला तेव्हा ते अर्धे उठले. आईंनी नुसतं पाहिलं. ते बसले. हे फार कठीण गेलं त्यांना, हे मला मान्य केलं पाहिजे. नाव तपासणं यापेक्षा सोपं होतं.

टुणटुण वाजलं. "उघडू?" त्यांनी विचारलं. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर काही उघडण्याआधी त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

"उघडा."

त्यांनी वाटी उचलली आणि झटकन सोडली. चटका बसला होता. बोट तोंडात घालून ते वळले आणि, जसा काही हीटर त्यांनीच आत्ता बसवला होता, अशा थाटात म्हणाले, "तापते."

आता पेन्शनरांच्या कट्ट्यावर ते सगळ्यांना सांगतात की आमच्या मशीनमधला दोष कंपनीच्या माणसालाही सापडला नव्हता, तो त्यांनी शोधला. दाराशीच दोष होता म्हणे. यात खोटं काही नाही, म्हणून आम्हीही काही बोलत नाही. भांडी आता टुणटुण झाल्यावरच निघतात. खिडकीकडे धरून पाहिली जातात, पण परत कुठे पाठवणार? मशीन ऐकून घेत नाही.

दही मात्र अजूनही पिठाच्या डब्यातच लागतं. "एवढ्या लवकर काहून विश्वास ठेवू?" असं आई म्हणतात.

आणि तपासणी बंद झालेली नाही, तिची जागा बदलली आहे. रोज सकाळी अण्णा मलमाची नळी, भिंग आणि कापसाच्या पट्ट्या घेऊन अंगणात बसतात. आईंना समोर बसवतात, स्वतः मलम लावतात, पट्टी बांधतात. हे सगळं आईंना आवडतं, त्या तसं म्हणत नसल्या तरी. अडचण एवढीच की चहा होईपर्यंत अण्णा पुन्हा येतात. "दाखव बरं," म्हणतात आणि पट्टी सोडायला लागतात. जेवणाआधी पुन्हा. दुपारी पुन्हा.

परवा आईंनी हात मागे घेतला. "आता दर घडीला उघडून पाहिलं तर भेग भरन कशी जी?"

अण्णा थांबले. अर्धी सुटलेली पट्टी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी परत गुंडाळली, गाठ मारली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन आईंच्या समोर बसून राहिले.